झाकण शाबूत, काच बाद

दापोली तालुक्यात हर्णै ते आंजर्ले या पट्ट्यात पर्यटकांना पक्षी दाखवणाऱ्या स्थानिक गाईडांचा एक छोटा गट आहे. त्यांच्याकडे एक स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवर लावायची एकनळी मोठी दुर्बीण, आणि तीन-चार साध्या दुर्बिणी. दोन हंगामांत या सगळ्यांची झाकणं एकेक करत गेली. काही तुटली, काही चिकट झाली, काही वाळूत हरवली. एकच झाकण शेवटपर्यंत धडधाकट राहिलं, आणि नेमकी त्याच झाकणाखालची काच बुरशीने खाल्ली.

माझा व्यवसाय कॅमेरे आणि दुर्बिणी दुरुस्त करण्याचा. नवरात्र उरकल्यावर, हंगाम तोंडावर आलेला असताना, गटातले दोघे सगळी सामग्री घेऊन दुकानात आले. मागणी सरळ होती: "भाऊ, यापेक्षा मजबूत झाकण कुठलं मिळेल तेवढं सांगा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील." सामान टेबलावर मांडल्यावर लक्षात आलं की मजबूत झाकण त्यांच्याकडे होतंच, आणि सगळ्यात मोठं नुकसान त्यानेच केलं होतं. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण तेच. झाकणं कोणत्या कंपनीची होती ते लिहीत नाही. दोष एका कंपनीचा नव्हता. ज्या हवेसाठी ती झाकणं बनली त्या हवेत ती वापरलीच गेली नव्हती.

जागा आणि वापर

हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव किनाऱ्यावरच भरतो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. थंडीत कुरव पक्ष्यांचे थवेच्या थवे इथे उतरतात, कारण होड्यांमागे आणि लिलावाच्या जागेभोवती टाकलेल्या मासळीवर त्यांचं आयतं पोट भरतं. त्यांच्यासोबत सुरय, चिखल्या, तुतवार असतात, आणि नशीब जोरावर असेल तर समुद्री गरुड. खाडीपलीकडे आंजर्ल्याला उन्हाळ्याच्या तोंडावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, तेव्हा पुन्हा गर्दी. म्हणजे गाईडांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, लांबला तर मे.

स्कोप ८० मिलिमीटर काचेचा, २० ते ६० पट मोठं दाखवणारा, आतून नायट्रोजन भरलेला. नायट्रोजन भरलेला म्हणजे आत दमट हवा नाही, त्यामुळे आतून धुकं धरत नाही. पण गिऱ्हाइकांचा एक समज मला रोज खोडावा लागतो. आतला नायट्रोजन बाहेरच्या काचेचं काहीही राखत नाही. पुढच्या काचेचा बाहेरचा पृष्ठभाग आणि आयपीसचा, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाचा, बाहेरचा पृष्ठभाग हे दोन्ही उघड्या हवेतच असतात, आणि त्यांना राखायला झाकणाशिवाय दुसरं काही नसतं.

स्कोप तिवईवर, भरतीच्या रेषेपासून पन्नास पावलांवर. सकाळी दोन-तीन तास, संध्याकाळी दोन-तीन तास. एका गटात दहा-बारा माणसं, त्यात पोरं. प्रत्येक जण आयपीसला डोळा लावणार, प्रत्येक जण काहीतरी धरणार, आणि धरायला सगळ्यात सोयीचं दिसतं ते झाकणच.

पहिली फळी: कंपनीची झाकणं

स्कोपसोबत आलेलं पुढचं झाकण चिमटीत दाबून लावायचं, कॅमेऱ्याला असतं तसलं. ते पहिल्याच महिन्यात गेलं. मोडलं नाही, हरवलं. दोरी नसलेलं काळं झाकण हर्णैच्या वाळूत पडलं की गेलंच. ही वाळू ठिकठिकाणी काळसर आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियमचं काळं खनिज वाळूत मिसळलेलं सापडतं.

दुर्बिणींच्या आयपीसवरचं जोडझाकण वेगळ्या वाटेने गेलं. ते मऊ हाताला लागणाऱ्या पॉलियुरेथेनचा थर दिलेलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याला बोट लावलं की बोट चिकटायचं, आणि चिकटलेल्या बोटावर काळा डाग यायचा. लोक म्हणतात रबर वितळलं. वितळत वगैरे काही नाही. या थरातले रेणू पाण्याच्या वाफेशी हळूहळू अभिक्रिया करून तुटतात, आणि उष्ण दमट हवेत ते काम वेगाने होतं. कोरड्या देशात जे वर्षानुवर्षं टिकतं ते इथे दोन-तीन पावसाळ्यांत गूळ होऊन बसतं. स्पिरिटने पुसून वरचा थर काढता येतो, खालचं कडक प्लास्टिक वापरता येतं. ते आम्ही केलं. पण असा थर पुन्हा घेऊ नये. दुकानात हाताला मखमली लागणारी वस्तू किनाऱ्यावरच्या माणसाने तिथेच खाली ठेवावी, हे माझं ठाम मत.

दुसरी फळी: रायफलीवरची उघडझाप झाकणं

हरवणाऱ्या झाकणावर उपाय म्हणून गटातल्या तरुण गाईडने ऑनलाइन उघडझाप झाकणं मागवली. बिजागरी, स्प्रिंग, बोटाने कळ दाबली की टपकन उघडतं. कल्पना चांगली होती. झाकण नळीलाच कायम जोडलेलं, त्यामुळे हरवायचा प्रश्न नाही, आणि पक्षी आला की क्षणात काच मोकळी.

ही झाकणं मुळात शिकारीच्या रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीसाठी बनतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा तो सगळा प्रकार बंद झाला. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्याच्या बंदुका आहेत, पण त्यांच्यावर दुर्बीण सहसा नसते. त्यामुळे आपल्याकडे ही झाकणं येतात ती पक्षी बघणाऱ्यांच्या आणि नेमबाजांच्या हातात. मूळ वापर लक्षात घेतला की त्यांची घडण समजते. अमेरिकेत किंवा युरोपात शिकारी रायफल खांद्याला लावून पावसा-बर्फात तासन्तास चालतो. झाकण दिवसात दोन-चारदा उघडणार. ते गारठ्यात एका बोटाने, आवाज न करता उघडलं पाहिजे. झुडपात अडकून निघता कामा नये. आणि गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याने उडता कामा नये. या कसोट्यांवर ती चांगली उतरतात. खारी हवा, सदतीस-अडतीस अंशाचं ऊन आणि दिवसाला शंभर वेळा कळ दाबणारी पोरं या कसोट्या त्यांच्यापुढे कुणी ठेवलेल्याच नसतात.

डिसेंबरात बसवलेली झाकणं मार्चपर्यंत मान टाकून बसली. ती मी भिंगाखाली पाहिली. बिजागरीत दोन भाग धातूचे होते, आडवी पिन आणि तिच्याभोवतीची स्प्रिंग. पिन पूर्ण तपकिरी. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतं. पिन फुगली आणि तिला धरणारा प्लास्टिकचा कान आतून चिरला. चीर केसाएवढी, पण तिच्या दोन्ही काठांना तपकिरी डाग, म्हणजे चीर पडल्यानंतरही खारं पाणी आत जात राहिलं होतं. स्प्रिंगचे पाच वेढे, त्यातला एक तुटून सुटा. बाहेरून झाकण अगदी नवं दिसत होतं.

विक्रीच्या वर्णनात 'स्टेनलेस' लिहिलेलं होतं, असं तो तरुण सांगत होता. असेलही. स्टेनलेसमध्ये प्रकार असतात. स्वयंपाकघरातली भांडी साधारण ३०४ प्रकाराची. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तिच्यावरही चहासारखे डाग येतात आणि बारीक खड्डे पडतात. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ती मिठाला जास्त दाद देत नाही. होडीवरचं सामान घेताना बंदरातला माणूस हा आकडा विचारून घेतो. झाकणाच्या तारेएवढ्या स्प्रिंगबद्दल कोण विचारतो?

यात गाईडांनी एक भर घातली. बिजागरी करकरायला लागल्यावर त्यांनी गंज सोडवायचा स्प्रे मारला, मोटारसायकलच्या साखळीला मारतात तोच. स्प्रेचे तुषार काचेवर बसले. ते बोटाने पुसले. तेलकट पापुद्र्यावर वाळू चिकटली आणि पुढच्या पुसण्यात ती काचेवर ओढली गेली. वाळूतला गारगोटीचा कण काचेपेक्षा कठीण असतो. काठिण्याच्या मापावर गारगोटी सात, दुर्बिणीची काच साडेपाच-सहाच्या आसपास. काचेच्या कडेला अर्धचंद्राकार बारीक ओरखडे होते, बोट फिरवल्याच्या दिशेने.

एका दुर्बिणीवर दुसऱ्याच जातीचं झाकण होतं: दोन रबरी वाट्या आणि त्यांना जोडणारे दोन ताणपट्टे. याचं मरण ठरलेलं असतं. नैसर्गिक रबर ताणलेल्या अवस्थेत हवेतल्या ओझोनने चिरत जातं, आणि चिरा नेहमी ताणाच्या दिशेला आडव्या पडतात. इथेही तशाच पडल्या होत्या, पट्टा वाकवला की दातरीसारख्या उघडायच्या. वर ऊन. वर खोबरेल तेल लावलेल्या केसांवरून फिरलेला हात. तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि ढिलं पडतं. या झाकणाबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

तिसरी फळी: ट्रकच्या ट्यूबचं झाकण

आता मुद्द्याचं झाकण. गटातले सगळ्यात जुने गाईड, सगळे त्यांना काका म्हणतात, त्यांच्या भावाचं पंक्चरचं दुकान आहे. बाजारातल्या झाकणांचा हा खेळ बघून काकांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापला, त्यात लोणच्याच्या बरणीचं प्लास्टिकचं झाकण बसवलं, पंक्चरच्याच सोल्युशनने चिकटवलं, आणि तंगुसाने ते तिवईला बांधून टाकलं. स्कोपच्या तोंडावर ते इतकं घट्ट बसायचं की काढताना फट्‌ असा आवाज यायचा.

दुकानात आलं तेव्हा ते जवळपास एक वर्ष वापरलेलं होतं. चीर नाही, चिकटपणा नाही, सैलपणा नाही. मला नवल वाटलं नाही. हल्लीच्या ट्यूब बहुतेक ब्युटाइल रबराच्या असतात, आणि ब्युटाइलला ऊन, ओझोन, खारी हवा यांचं फारसं काही वाटत नाही. ट्यूबसाठी ते निवडतात त्याचं मुख्य कारण मात्र वेगळं आहे. त्यातून हवा आणि वाफ अत्यंत सावकाश झिरपते. ट्रकच्या चाकाला हा गुण तारतो. काचेवर ओल असताना लावलेल्या झाकणाला तोच मारक.

मेच्या अखेरीस, आगोटीच्या धावपळीत, एका संध्याकाळी शेवटचा गट आला. वळिवाचा शिडकावा होऊन गेला होता. गट गेल्यावर काचेवरचे थेंब खांद्यावरच्या पंचाने टिपले, काकांचं झाकण बसवलं, स्कोप रेक्झिनच्या पिशवीत घातला आणि पिशवी माजघरातल्या कपाटात गेली. ती उघडली नवरात्रात.

काचेवर काय झालं होतं ते टॉर्च तिरका धरल्यावरच दिसलं. समोरून पाहिलं तर थोडी मळकट काच, बस. तिरक्या उजेडात मात्र कडेच्या एका बिंदूपासून निघालेले पांढरट धागे, फांद्या फुटत फुटत काचेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गेलेले. मी ते साफ केले. धागे गेले, खुणा राहिल्या. बुरशी वाढताना आम्लं सोडते आणि ती काचेवरच्या पातळ लेपाला चावतात. खुणा लेपातच असल्यामुळे पुसून जाणाऱ्या नव्हत्या. भर दुपारी स्कोप अजूनही ठीक दाखवतो. संध्याकाळी सूर्य समोर असताना मात्र चित्रावर दुधाळ पडदा येतो, आणि हर्णैचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे.

पाणी आलं कुठून

काकांचा आक्षेप रास्त होता. "झाकण एवढं घट्ट, पावसाळ्यातली हवा आत शिरलीच नाही. मग बुरशीला पाणी मिळालं कुठून?" प्रश्न इतका चांगला होता की मी कागदावर हिशेब मांडला.

८० मिलिमीटरची काच आणि झाकणाआड दोन सेंटीमीटर पोकळी, म्हणजे साधारण शंभर घनसेंटीमीटर हवा. तीस अंश तापमानाच्या, पंच्याऐंशी टक्के दमट हवेत घनमीटरला सुमारे पंचवीस-सव्वीस ग्रॅम वाफ असते. त्या हिशेबाने झाकणाआड अडीच मिलिग्रॅम वाफ. एवढ्याने काही होत नाही. पण पाण्याचा एक साधा थेंब पन्नास मिलिग्रॅमच्या घरातला असतो. पंचाने टिपल्यावर कडेच्या खाचेत एक थेंब जरी राहिला, तरी तो बंद पोकळीतल्या सगळ्या वाफेच्या वीसपट झाला.

तो थेंबही साधा नव्हता. भरतीच्या रेषेजवळ दिवसभर उभ्या राहिलेल्या काचेवर मिठाचा पापुद्रा असतोच, आणि थेंबात ते मीठ विरघळलेलं. खाण्याच्या मिठाचा एक गुण असा की हवेची सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःहून पाणी ओढून विरघळतं, आणि खाली आली की सुकतं. म्हणूनच पावसाळ्यात आपली मिठाची बरणी पाझरते. उलट बाजूने पाहिलं तर, बंद डब्यात मीठ आणि थोडं पाणी यांचा लगदा ठेवला की डब्यातली आर्द्रता पंचाहत्तरवर येऊन थांबते. आर्द्रतामापक तपासायची हीच घरगुती पद्धत आहे. काकांच्या झाकणाआड नकळत तेच यंत्र तयार झालं होतं. चार महिने आर्द्रता पंचाहत्तरच्या आसपास, अंधार, ऊब, आणि खायला बोटाचं तेल आणि पंचाचे सुती तंतू. सत्तर टक्क्यांच्या पुढे बुरशीला सहसा एवढंच लागतं.

सैल झाकण असतं तर? पावसाळ्यातल्या कोकणात बाहेरची हवा काही कोरडी नसते, तेव्हा काच वाचलीच असती असं मी म्हणणार नाही. दापोलीत वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळपास सगळा चार महिन्यांत. पण कपाट अधूनमधून उघडलं असतं, एखाद्या उघडिपीच्या दिवशी पिशवी उन्हाच्या कवडशात ठेवली असती, तर सैल झाकणाआडची ओल निघून गेली असती. या झाकणाने ती जाऊ दिली नाही. आणि झाकण घट्ट आहे, आता काळजी नाही, या भरवशावर पिशवी कोणी उघडलीही नाही.

काय ठरवलं

पहिली गोष्ट: झाकण किती वर्षं टिकतं हा निकष सोडायचा. या किनाऱ्यावर झाकण हे चपलेच्या पट्ट्यासारखं झिजायचंच. ते स्वस्त असावं, दापोलीच्या बाजारात मिळावं, आणि गेलं तर हंगाम अडू नये.

त्या हिशेबाने आम्ही सिलिकॉनच्या ताणझाकणांवर आलो. भांड्यांच्या दुकानात वाटी-पातेल्यावर ओढून बसवायची रंगीत, अपारदर्शक झाकणं संचात मिळतात, तीच. सिलिकॉनला ऊन-ओझोनचं भय नाही, धातूचा भाग नाही म्हणजे गंज नाही, आणि ब्युटाइलच्या तुलनेत त्यातून वाफ बरीच सहज जाते. हा शेवटचा गुण चांगला, पण त्याच्या भरवशावर ओली काच झाकायची नाही, हे मी दोनदा बजावलं. दोषही सांगतो. काठाला नखाने चीर पडली की सिलिकॉन पुढे कागदासारखं फाटत जातं, आणि धूळ त्याला भारी चिकटते. म्हणून रोज धुवायचं.

माप घ्यायची एक साधी रीत आहे. काचेचा ८० किंवा ४२ हा आकडा झाकणाच्या कामाचा नाही, लागतो तो नळीच्या तोंडाचा बाहेरचा व्यास. कागदाची पट्टी तोंडाभोवती गुंडाळायची, जुळते तिथे खूण करायची, लांबी मोजून ३.१४ ने भागायची. स्कोपला सरकती ऊनटोपी असेल तर माप टोपीचं घ्यायचं. उघडझाप झाकणं घेणाऱ्यांना हे माप मिलिमीटरच्या अंशापर्यंत लागतं. त्यांचं कडं दाबून बसवायचं असतं, आणि ते नायलॉनचं असेल तर दमट हवेत पाणी पिऊन थोडं फुगतं, डिसेंबरात घट्ट बसलेलं जुलैत सैल होतं. ओढून बसवायच्या झाकणाला दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालतं.

रंगावरून थोडी चर्चा झाली. तरुणाला काळं हवं होतं, नारिंगी झाकण स्कोपवर शोभत नाही म्हणून. काळं वाळूत सापडत नाही, हे काकांनी दोन शब्दांत मिटवलं. दोरी तंगुसाचीच ठेवली, फक्त तिवईऐवजी स्कोपच्या गळ्याला बांधली, म्हणजे झाकण वाऱ्यावर झुलून काचेवर आपटत नाही.

संध्याकाळचा क्रम बदलला, आणि माझ्या मते खरा फरक त्याने पडला. आधी हवेच्या फुग्याने वाळू उडवायची. मग गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या स्वच्छ मऊ कापडाने मीठ टिपायचं, चोळायचं नाही. मग कोरडं कापड. मग झाकण न लावता स्कोप घरात पंख्याखाली अर्धा तास. झाकण स्वतः गोड्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवायचं. काच आणि झाकण दोन्ही कोरडी झाल्यावरच त्यांची गाठ घालायची. पंचा बाद.

दिवसा किनाऱ्यावर गट येत-जात असताना झाकण लावायचंच नाही, मध्ये वेळ असेल तर सुती कापडाची पिशवी वरून टाकायची. याला एक अपवाद. दुपारनंतर स्कोप सोडून चहाला जायचं असेल तर पुढचं झाकण लागलंच पाहिजे. ८० मिलिमीटरची काच कलत्या सूर्याकडे उघडी राहिली तर आतले भाग जळू शकतात, आणि त्याहून वाईट म्हणजे एखादं पोर येऊन आयपीसला डोळा लावेल. ही गोष्ट टिकाऊपणाची नाही, पण झाकणाचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे.

पावसाळ्यासाठी रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि घड्याळासारखा छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस-पन्नासच्या दरम्यान हवा. साठ ओलांडला की जेल काढून मंद आचेवर शेकायचं. निळं जेल ओल पिऊन गुलाबी होतं, नारिंगी असेल तर हिरवट, त्यामुळे कळायला अडचण नाही. शेकायचं भांडं मात्र वेगळं ठेवायचं, निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं. स्वयंपाकाच्या तव्यावर ते नको. डब्यात ठेवताना सगळी झाकणं काढायची, नाहीतर जेल डब्यातली हवा सुकवतं आणि झाकणाआडची तशीच राहते. रेक्झिनची पिशवी आणि दुर्बिणींची चामड्याची घरं डब्यात नाहीत. चामडं हे बुरशीचं माहेर. तांदळाच्या डब्यात दुर्बीण पुरून ठेवायचा सल्ला कुणीतरी दिलाच; तांदूळ पुरेसा कोरडा नसतो आणि त्याचं पीठ खाचाखाचांत शिरतं.

विजेवर चालणारं कोरडं कपाट मी सुचवलं नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर या पट्ट्यातल्या गावांनी किती दिवस अंधारात काढले ते सगळ्यांना आठवतं. नेमक्या पावसाळ्याच्या सुरुवातीला वीज गेली तर ते कपाट म्हणजे नुसतं बंद कपाट.

त्यानंतर

एक हंगाम आणि एक पावसाळा गेला. सिलिकॉनचं एक झाकण फाटलं, अपेक्षेप्रमाणे काठाला, आणि संचातलं दुसरं त्याच दिवशी बसलं. ऑक्टोबरात मी सगळ्या काचा तिरक्या टॉर्चने पाहिल्या. नवी बुरशी कुठेही नव्हती, जुन्या खुणा होत्या तशाच. एका पावसाळ्यावरून छाती ठोकून काही सांगायला मी तयार नाही. डब्याचं काम झाकणाच्या पदरात टाकायलाही नाही. माझा अंदाज विचाराल तर श्रेय बारा आणे डब्याला आणि संध्याकाळच्या पुसण्याला, चार आणे झाकणाला.

तरुण गाईडचं समाधान झालेलं नाही. समुद्री गरुड सुवर्णदुर्गावरून उठला की चार-पाच सेकंदांत स्कोप त्याच्यावर लागायला हवा, आणि ओढून काढायचं झाकण तेवढ्यात निघत नाही, असं त्याचं म्हणणं. गट समोर असताना झाकण नसतंच, त्यामुळे हा प्रसंग क्वचित येतो. पण एकट्याने फिरताना येतो. त्याने स्वतःच्या दुर्बिणीवर उघडझाप झाकण पुन्हा बसवलंय, यावेळी स्प्रिंग काढून टाकून आणि पिनेच्या जागी जाड तंगुसाचा तुकडा घालून. उघडलेलं झाकण आता आपोआप उभं राहत नाही, लोंबतं. तो म्हणतो चालेल. मलाही वाटतं चालेल, निदान गंजाचा प्रश्न तरी संपला. फक्त तंगुसाला ऊन सोसत नाही, तेव्हा तो तुकडा दर हंगामाला बदलावा लागेल.

सुटलेला नाही तो आयपीसचा प्रश्न. तिथे माणसाचा डोळा, पापणी, कपाळ लागतं. त्यावर सनस्क्रीन असतं, घाम असतो, डासांचं मलम असतं. डीट हे डास पळवणारं रसायन असलेली मलमं काही जातींच्या प्लास्टिकला सरळ विरघळवतात, आणि आयपीसचं मूळ झाकण कडेने पांढरं पडून तडकलं त्यामागे मला तोच संशय आहे. सिलिकॉनची छोटी टोपी करून पाहिली, ती माणसागणिक काढाघालायची कटकट दोन दिवसांत सगळ्यांनी सोडून दिली. सध्या तिथे झाकण नाही. प्रत्येक गटानंतर आयपीसची रबरी कड ओल्या कापडाने पुसतात, आणि स्कोपला डोळा लावायच्या आधी मलम लावलेले हात पुसून घ्या असं पाहुण्यांना सांगतात. मराठी पाहुणे ऐकतात, असं काका म्हणाले, मुंबईचे सोडून.